झुंबरबाईचं क्रियापद

झुंबरबाईला सबंध जन्मात एकाच क्रियापदाचं व्याकरण आलं, आणि तेही स्पॅनिश भाषेतलं. वाटूरच्या चौफुलीवरच्या दवाखान्यात जखमांच्या पट्ट्या धुणारी, सहीच्या जागी अंगठा उठवणारी बाई स्पॅनिश बोलायची असं सांगितलं की ऐकणारा संशयानं बघतो. बघू द्या. हौसेनं शिकणारी माणसं वेगळी. झुंबरबाईच्या अगदी गळ्याशी आलं होतं, म्हणून ती शिकली.

मूळची ती वाटूरपासून तीन कोसांवरच्या खेड्यातली. घरची शेती, नवरा पटकीच्या साथीत गेलेला, मूलबाळ नाही. पंचेचाळीस साली खुरपताना पायात बाभळीचा काटा मोडला, तो आतल्या आत सडला आणि पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा झाला. धाकट्या भावानं, कारभारीनं, तिला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं तेव्हा घरच्यांनी त्या पायावर पाणीच सोडलं होतं. दवाखाना एका गोऱ्या सिस्टरचा होता. तिचं नाव कोन्सुएलो. स्पेन देशातून ती तरुणपणीच इकडे आलेली. हे नाव वाटूरच्या जिभेला पेलणारं नव्हतं, म्हणून लोकांनी पहिल्याच आठवड्यात तिची कौसाबाई करून टाकली होती.

कौसाबाईंनी चाळीस दिवस रोज दोन वेळा तो पाय धुतला आणि वाचवला. पाय वाचला म्हणून झुंबरबाई चार दिवस कामाला हातभार लावायला राहिली, ती राहिलीच. पाणी उकळायचं, पट्ट्या धुवायच्या, पेशंटांची रांग लावायची आणि रांग मोडणाऱ्याची आई-बहीण न काढता त्याला सरळ करायचं, ही तिची कामं. रझाकारांच्या दिवसांत अर्धा गाव शेतात लपला होता, तेव्हाही दवाखान्याचं दार उघडं होतं आणि आत ह्या दोघी होत्या. कौसाबाईंचं मराठी पेशंटांच्या तोंडून उचललेलं. "काहून रडून राह्यला रे? सुई हाय, तलवार न्हाई," असं ती गोरीपान बाई म्हणायची तेव्हा नवा माणूस दुखणं विसरून तोंडाकडे बघत बसायचा.

छप्पन सालच्या वैशाखात एका म्हाताऱ्याचा हात बांधता बांधता कौसाबाई खाली कोसळल्या. उजवी बाजू गेली. तिच्यासोबत इंग्रजी गेलं, मराठी गेलं, हैदराबादी हिंदी गेली. दर बुधवारी जालन्याहून डॉक्टर यायचे. ते म्हणाले, मेंदूला असा धक्का बसला की कधीकधी मागून शिकलेल्या भाषा पुसल्या जातात. एवढं सांगून ते जेवणाच्या आत परत गेले. कौसाबाईंजवळ उरली ती लहानपणची आपल्या आईची भाषा, आणि ती शंभर कोसांत कुणाला येत नव्हती.

तिथून झुंबरबाईचे हाल सुरू झाले. कौसाबाई हाडापेरानं थोराड, झुंबरबाई वाळलेल्या तुरीच्या काडीसारखी. उठवायचं, बसवायचं, कुशीवर वळवायचं, पुसायचं, चमच्यानं पेज भरवायची, आणि हे सगळं झालं की पुन्हा पहिल्यापासून. कौसाबाई दिवसातून चाळीस वेळा एकच बोलायच्या: "नो पुएदो." झुंबरबाईला 'नो' माहीत होतं, नो म्हणजे नको. पुएदो म्हणजे काय हे सांगायला पंडिताची गरज काय? पुढं. नो पुएदो, म्हणजे पुढं नको. बाईंना उठवताना त्या 'नो पुएदो' म्हणाल्या की ही त्यांना मागं ओढायची. त्या आणखी जोरात ओरडायच्या, ही आणखी मागं ओढायची. आठ दिवस असंच चाललं. नवव्या दिवशी कौसाबाईंचं डोकं भिंतीवर आपटलं आणि दोघी मिळून रडायला लागल्या.

आवाज ऐकून भालचंद्र आत आला. भालचंद्र म्हणजे दवाखान्याचा कंपौंडर, जालन्याच्या वकिलाचा मुलगा, शाळा उर्दूत झालेली, इंग्रजी बरं. स्पॅनिश त्यालाही ओ की ठो येत नव्हतं. पण त्यानं कौसाबाईंचा निर्जीव उजवा हात उचलला आणि सोडून दिला. हात पलंगावर आपटला. "नो पुएदो," कौसाबाई म्हणाल्या. त्यानं डावा हात धरला, तो त्यांनी स्वतः वर केला आणि म्हणाल्या, "पुएदो."

"झुंबरबाई, पुढं-बिढं काही नाही हे," भालचंद्र म्हणाला. "माझ्याच्यानं होत नाही, असं म्हणताहेत त्या."

झुंबरबाई पलंगाच्या कडेला बसली. आठ दिवस बाई सांगत होत्या की माझ्याच्यानं होत नाही, आणि आठ दिवस आपण त्यांना ओढत होतो. तिनं कौसाबाईंचा डावा हात धरला आणि त्यांचेच शब्द परत म्हणाली, "नो पुएदो. कळलं बाई. नो पुएदो."

आणि कौसाबाईंचा अर्धा चेहरा उजळला. दुसरा अर्धा हलत नव्हता, पण त्या अर्ध्यानंच काम केलं. "मुय बिएन!" त्या म्हणाल्या. म्हणजे फार छान, शाबास. हे कुणी सांगायची गरज नव्हती. नन होण्याआधी त्या आपल्या गावात पोरांना शिकवायच्या असं त्यांनीच पूर्वी कधी सांगितलं होतं. ती मास्तरीण इतके दिवस अंथरुणात पडून होती. आता तिला विद्यार्थी मिळाला.

रोज दुपारी, पेशंट संपले की धडा. कौसाबाई डाव्या हाताचं बोट स्वतःच्या छातीला लावायच्या: "यो पुएदो." झुंबरबाईला पहिल्या दिवशी हसू आवरेना. गावाकडं 'यो' म्हणजे हा, बाप्या माणूस. "बाईमाणूस असून सोताला यो म्हणून राह्यल्यात!" मग बोट झुंबरबाईकडे यायचं: "तू पुएदेस." इथं मात्र ती चकित झाली. आपलं तू आणि त्यांचं तू एकच, आणि शेवटी 'स' देखील आपल्यासारखाच. तू करतेस, तू पुएदेस. ही परकी भाषा कसली, ही तर कुणीतरी लहानपणी पळवून नेलेली.

पण जमलं कुठं? कौसाबाईंकडे बोट करून 'तू पुएदेस' म्हणायची पाळी आली की झुंबरबाईची जीभ अडायची. पाय वाचवणाऱ्या बाईला अरेतुरे कसं करायचं? ती म्हणायची, "तुम्ही पुएदेस." कौसाबाई पलंगाच्या कडेवर थाप मारायच्या: "तू!" ही पुन्हा "तुम्ही पुएदेस." थाप. असे दोन महिने गेले. शेवटी झुंबरबाईनं मनाशी तोड काढली की आईला तूच म्हणतो आपण, देवालाही तूच म्हणतो. आणि डोळे मिटून म्हणून टाकलं.

दुसरा घोळ पुढंच होता. यो पुएदो, तू पुएदेस, दारातल्या भालचंद्राकडे बोट करून एल पुएदे, इथपर्यंत गाडी सुरळीत यायची. मग कौसाबाई बोट दोघींवर फिरवायच्या, आणि झुंबरबाई सरळ हिशेबानं म्हणायची, "पुएदेमोस." थाप. "पोदेमोस!" एवढा वेळ पुएदो-पुएदे म्हणत आलो, आता एकदम पोदे कुठून आलं?

"ही काय बदमाशी हाय कंपौंडरसाहेब?" ती म्हणाली. "निम्म्या वाटेत शब्दच बदलून राह्यल्या बाई."

"तुम्ही 'मी जाते' म्हणता की नाही? मग कालचं सांगताना काय म्हणाल? मी जाले?"

"जाले कसं? गेले."

"मग? जा-चा गे कुठून झाला, विचारलंत कधी तुम्ही?"

झुंबरबाईनं विचारलं नव्हतं. विचारायचं कुणाला? पण तिला दुसरंच काही विचारायचं होतं. "मंग ह्या पोदेमोसमंदी मी बी हाय का? का त्यांच्या-त्यांच्या मठातल्या बायाच?" भालचंद्र म्हणाला, बोट दोघींवर फिरतं ना, मग आम्ही नव्हे, आपण. नवरा गेल्यापासून तिला धरून 'आपण' कुणी म्हटलं नव्हतं. भावाच्या घरीसुद्धा आम्ही आणि तू असंच होतं. तिला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. तरी तोंडातून 'पुएदेमोस'च निघायचं.

धडा तासभर चालायचा आणि तेवढा एकच तास कौसाबाई रडायच्या नाहीत, ताट फेकायच्या नाहीत. बाकीचे तेवीस तास झुंबरबाईच्या अंगावर होते. दिवाळीपर्यंत तिचा जीव मेटाकुटीला आला. संक्रांतीच्या सुमारास कौसाबाईंना वळवताना पाठीत असा काही चटका बसला की ती पलंगाशी तशीच वाकून राहिली आणि भालचंद्रानं धरून तिला सरळ केलं. बुधवारी डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली. "असंच उचलत राहिलात तर उन्हाळ्यात दुसरा पलंग तुमच्यासाठी टाकावा लागेल," ते म्हणाले. ऐकून कारभारी आला.

"अक्का, घरी चल," तो म्हणाला. "तू आडवी पडलीस तर तुला कोण उचलणार? मी उचलू? नंदाबाई उचलल?" नंदाबाई म्हणजे त्याची बायको. "बारा वर्सं केलंस. फिटलं सगळं."

फिटलं की नाही हे झुंबरबाईला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की सकाळी उठून बसायचंसुद्धा जिवावर येतंय. तिला कौसाबाईंचा राग येत होता, आणि राग येतो म्हणून स्वतःची लाज वाटत होती. आणि हे दोन्ही करायलाही आता अंगात त्राण नव्हतं.

भालचंद्रानं मुंबईच्या मठाला कळवलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. मठात आजारी सिस्टरांसाठी खोल्या होत्या, दोघी स्पॅनिश बोलणाऱ्याही होत्या. अडचण एकच. धडधाकट असतानाच कौसाबाईंनी लिहून दिलं होतं की मला वाटूरहून हलवू नका, इथंच माती द्या. त्या शब्दाला मठ बांधलेला होता. त्या स्वतः हो म्हणाल्या तरच आम्ही न्यायला येऊ, असं पत्रात होतं. सांभाळणाऱ्या बाईला पुढं जमत नसेल तर तिनंच ते त्यांना समजावून सांगावं. सोबत कौसाबाईंसाठी स्पॅनिशमधली एक चिठ्ठी होती. वाचायला त्यांची नजर ठरत नव्हती, म्हणून भालचंद्रानं ती इंग्रजी वळणानं मोठ्यानं वाचून दाखवली. चौथ्या ओळीला कौसाबाईंनी चांगला हात कानावर ठेवला.

"आता तुम्हालाच सांगावं लागेल," भालचंद्र म्हणाला. "तुम्हाला तो शब्द येतो."

येत होता. तोच एक येत होता. झुंबरबाईनं तीन दिवस चुलीशी इंजेक्शनच्या पिचकाऱ्या उकळता उकळता तो घोकला. इतके दिवस धड्यात ती 'यो पुएदो' म्हणायची. नो लावून स्वतःबद्दल कधी म्हटलं नव्हतं. नो पुएदो हे कौसाबाईंचं बोलणं होतं. आता ते आपल्या तोंडानं म्हणायचं, आणि त्यांच्याकडे बघून म्हणायचं.

चौथ्या दिवशी दुपारी ती पलंगाशी बसली. कौसाबाईंचा हात हातात घेतला. "यो नो पुएदो," ती म्हणाली.

कौसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग अर्धा चेहरा असा काही फुलला की वर्षभरात फुलला नव्हता. "मुय बिएन!" विद्यार्थिनीनं न सांगता नवं वाक्य केलं होतं.

"तसं न्हाई बाई. खरंच नो पुएदो." तिनं पाठीवर हात ठेवला, तोंड वेडंवाकडं केलं, पलंग उचलल्यासारखं करून कमरेत वाकली, दाराकडे बोट केलं. "यो नो पुएदो. बिलकुल नो पुएदो." वाकल्यामुळे खरोखरच कळ आली आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कौसाबाई खूश होऊन चादरीवर हात आपटत होत्या. मास्तरणीला आणखी काय हवं? पोरगी नुसतं म्हणत नव्हती, करून दाखवत होती. मग त्यांनी बोट स्वतःकडे वळवलं आणि भुवई उंचावली: पुढं म्हण. झुंबरबाई म्हणाली, तू नो पुएदेस. एल नो पुएदे. बोट दोघींवर फिरलं. "नो पोदेमोस," झुंबरबाई म्हणाली; आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ते बरोबर आलं.

ती बाहेर आली तेव्हा भालचंद्र कागद पुढ्यात घेऊन बसला होता.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"मुय बिएन म्हणल्या."

हे दोन शब्द आता सगळ्या दवाखान्याला येत होते. भालचंद्राचा चेहरा सैल झाला. "बरं झालं बाई. म्हणजे कबूल आहेत."

झुंबरबाईनं तोंड उघडलं. न्हाई साहेब, त्यांना धडा वाटला, एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. ते म्हटले असते तर पुन्हा आत जावं लागलं असतं, पुन्हा वाकून दाखवावं लागलं असतं, पुन्हा शाबासकी घ्यावी लागली असती, आणि संध्याकाळी पुन्हा बाईंना उचलावं लागलं असतं. ती फार दमली होती.

"व्हय," ती म्हणाली.

भालचंद्रानं लिहिलं: सिस्टर कोन्सुएलो यांची संमती आहे.

त्यानंतरचे दिवस झुंबरबाईनं कौसाबाईंची सेवा केली ती कधी केली नसेल इतकी जपून. पेज गाळून दिली, केस रोज विंचरले, पाय चेपले. धडा मात्र टाळला. कौसाबाईंनी बोट वर केलं की हिला हटकून मोरीतलं काम आठवायचं. एकदोनदा त्या नवंच काही म्हणायला लागल्या होत्या, क-नं सुरू होणारं. ते पुरतं ऐकायच्या आत ही भांडं उचलून बाहेर.

होळी झाल्यावर मुंबईहून दोन सिस्टर आल्या. एक वयस्कर, दुसरी वसईची तरुण पोर. घरची भाषा मराठी, मठात स्पॅनिश शिकलेली. नवीन जालन्याच्या स्टेशनावरून भाड्याची मोटार करून त्या थेट दारात उतरल्या. तरुण सिस्टर आत जाऊन पलंगाशी बसली आणि कौसाबाईंशी त्यांच्या भाषेत बोलायला लागली. वर्षभरानं कुणीतरी त्यांच्याशी सबंध वाक्यं बोलत होतं. कौसाबाई ऐकत राहिल्या. मधेच त्यांनी दारात उभ्या झुंबरबाईकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिनं तो सुखानं घेतला असता. त्या नुसत्या बघत होत्या, एखादं वाक्य नीट ऐकू आलं नाही की बघावं तसं.

चौघांनी त्यांना खाटेसकट उचललं. झुंबरबाईला कारभारीनं हात लावू दिला नाही. खाट मोटारीशी टेकली तेव्हा कौसाबाई पहिल्यांदा बोलल्या. मोठ्यानं नाही.

"नो किएरो."

तरुण सिस्टरचा हात थबकला. वयस्कर सिस्टर इंग्रजीत काहीतरी म्हणाली. निघताना सगळे आजारी असंच म्हणतात, गाडी चुकेल, अशा अर्थाचं. झुंबरबाई पुढं झाली. "काय म्हणल्या त्या? हे मला न्हाई शिकिवलं."

तरुण सिस्टरनं खाली बघितलं. "जमत नाही असं नाही म्हणत त्या," ती म्हणाली. "'मला नको' म्हणतात."

वर्षभर दोघींनी मिळून काय होतं आणि काय होत नाही एवढंच घोकलं होतं. काय हवं आणि काय नको हे विचारायला लागणारा शब्द झुंबरबाईकडे कधी नव्हताच. आणि तो कानावर येऊ लागला तेव्हा ती भांडं घेऊन पळाली होती.  अजूनही बोलता आलं असतं. भालचंद्र तिथंच उभा होता, कागदही त्याच्याच खिशात होता. पण तिची पाठ ठणकत होती, ड्रायव्हरनं मोटार सुरू केली होती, आणि तिला ठाऊक होतं की आपण बोलणार नाही.

तिनं मोटारीत वाकून कौसाबाईंचा डावा हात धरला.

"नो किएरो," ती म्हणाली. तुम्ही जाऊ नये, मला नको हे. जे म्हणायचं होतं ते सगळं त्या दोन शब्दांत घालून म्हणाली, आणि रडायला लागली.

कौसाबाईंनी तिचा उच्चार लक्ष देऊन ऐकला. मान हलवली.

"मुय बिएन," त्या म्हणाल्या.